त्या एका ‘नाही’चं काय करायचं?

प्रश्न : ताई, माझा मुलगा अमेरिकन नागरिक आहे. व्हर्जिनियात संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या कंपनीत लागलाय. सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळायच्या परवानगीसाठी, त्याला एसएफ-८६ हा चौकशीचा फॉर्म भरायचा होता. तीन वर्षांपूर्वी कॉलेजात असताना कोलोरॅडोत त्यानं मित्रांबरोबर चार-पाचदा गांजा ओढला होता. ‘तिथं कायद्यानं चालतो, मग कशाला लिहितोस?’ असं मीच म्हटलं. त्यानं ‘नाही’ लिहून गेल्या आठवड्यात फॉर्म पाठवला. तेव्हापासून मला झोप नाही.
– एक आई

उत्तर : अजून उशीर झालेला नाही, पण आजचा दिवस वाया घालवू नका. अशाच एका कंपनीत मी अठरा वर्षं सिक्युरिटी ऑफिसर होते. हे फॉर्म माझ्या हातून जायचे.

कोलोरॅडोत २०१४पासून दुकानात गांजा मिळतो, हे खरं. पण क्लिअरन्स संघराज्य सरकार देतं आणि त्याच्या कायद्यात तो बेकायदाच आहे. फॉर्मचा २३वा विभाग गेल्या सात वर्षांतल्या सेवनाबद्दल विचारतो. राज्यात मुभा असली तरी उत्तर संघराज्याच्या कायद्याप्रमाणे द्या, असं तिथं छापलेलंच असतं. तिथंच आणखी एक ओळ असते, ती मुलं घाईत वाचत नाहीत : इथलं खरं उत्तर तुमच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या उत्तराला मात्र पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

क्लिअरन्स द्यायचा की नाही, हे ठरवणाऱ्या, २०१७पासून लागू असलेल्या नियमावलीत तेरा निकष आहेत. ‘एच’ अमली पदार्थांचा, ‘ई’ वर्तनाचा. कॉलेजातला, सुटलेला गांजा ‘एच’खाली बहुतेकदा निभावतो. खोटं ‘ई’खाली येतं, आणि ते निस्तरणं फार अवघड. आमच्याकडच्या एका मुलानं दोनदाच ओढला होता आणि ‘नाही’ लिहिलं. त्याचा जुना रूममेट तपासनिसाला सहज बोलून गेला. सुनावणीला मी हजर होते. गांजाबद्दल दोन मिनिटं बोलणं झालं असेल. बाकीचा सगळा वेळ त्या ‘नाही’वर गेला. नोकरी गेली त्याची. मला ते अजून बोचतं, कारण फॉर्म भरताना त्यानं मला विचारलं असतं तर मी थांबवलं असतं.

तुमच्या मुलानं आजच कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला लेखी कळवावं : अमुक उत्तर चुकीचं दिलं, खरं असं आहे. कुणी पुरावा समोर ठेवण्याआधी स्वतःहून, तातडीनं केलेली दुरुस्ती नियमावलीत जमेची धरली जाते. तारखा नक्की आठवत नसतील तर ‘अंदाजे’ म्हणावं. आणि सगळं एकदाच सांगावं. परीक्षेच्या वेळी मित्राची अ‍ॅडरॉल (लक्ष लागण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी गोळी) घेतली असेल, तर तीही इथं मोजली जाते. आज एक, महिन्यानं दुसरं, असं हप्त्यानं बाहेर आलेलं खरं कुणी खरं मानत नाही. यापुढे गांजाच्या गोळ्याही नकोत.

आता तुमच्याविषयी. चुकीचं उत्तर वकिलाच्या किंवा या कामाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याच्या सल्ल्यानं दिलं असेल, तर नियमावली ते विचारात घेते. आईचा सल्ला त्यात बसत नाही. तपासनिसानं कारण विचारलं, तर ‘घाबरलो, आईचं ऐकलं, पण सही माझी आहे’ एवढं त्यानं सरळ सांगावं. तुमच्याशी बोलायला आले, तर तुम्हीही तेच सांगा.