लिलावात घेतलेली स्पोर्ट्स कार पुन्हा विकताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऑनलाइन लिलावात घेतलेली संग्राह्य स्पोर्ट्स कार पुन्हा विकायला काढणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्न, थोडे संक्षिप्त करून, येथे घेतले आहेत. हिशेब समजावण्यासाठी मी कोणत्याही चलनाऐवजी १०० हा आकडा धरला आहे. प्रत्येकाने त्याच्या जागी आपली रक्कम घालावी.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी मी ऑनलाइन लिलावात पोर्शे ९११ ची ९९३ ही आवृत्ती घेतली. शेवटी एका माणसाशी चढाओढ झाली आणि ठरवले होते त्यापेक्षा मी बराच पुढे गेलो. आता पैशांची गरज आहे. त्याच ठिकाणी परत विकली तर निदान घातलेले पैसे निघतील का?

उत्तर : बहुधा निघणार नाहीत, आणि त्याला गाडीपेक्षा लिलावाची रचना अधिक जबाबदार आहे. ऑनलाइन लिलावात अगदी शेवटच्या क्षणी बोली आली की घड्याळ मिनिट-दोन मिनिटांनी पुढे सरकवले जाते, त्यामुळे ईर्षेला पेटलेले दोघे समोरासमोर आले तर ठरलेली वेळ उलटून गेल्यावरही किंमत चढत राहते. तुम्ही जिंकलात याचा अर्थ असा, की त्या दिवशी त्या गाडीवर नजर ठेवून असलेल्या सगळ्यांमध्ये तिची सर्वांत जास्त किंमत करणारे तुम्हीच होता. आता तुम्ही विक्रेते झाल्यामुळे बोली लावणाऱ्यांतून वजा झालात. तुमच्याशी झुंजलेल्या माणसाने मधल्या काळात दुसरी गाडी घेतली असेल, तर किंमत तिसऱ्या माणसाच्या उत्साहावर ठरेल.

आता खर्च पाहा. हातोडा १०० वर पडला, म्हणजे शेवटची बोली १०० ची झाली, असे धरू. खरेदीदाराचे शुल्क ५ धरले तर १०५ झाले. वाहतूक, नोंदणी, विमा, आल्याबरोबर केलेली तपासणी आणि किरकोळ कामे मिळून आणखी ७ धरा. गाडी तुम्हाला ११२ ला पडली. विक्रेत्याकडून काहीच शुल्क घेतले जात नाही असे मानले, तरी तुमचे पैसे सुटण्यासाठी नवी बोली ११२ वर जायला हवी, म्हणजे तीन महिन्यांत बाजार १२ टक्के चढायला हवा. शिवाय नव्या खरेदीदारालाही त्याचे ५ टक्के शुल्क डोळ्यांसमोर दिसत असते, आणि तो ते मनात वजा करूनच बोली लावतो. विक्रेत्याकडून दलाली घेणाऱ्या लिलावगृहात तर मुद्दलातली खोट आणखी वाढते.

तिसरी अडचण उघडपणाची. जुन्या व्यवहारात झाकली मूठ सव्वा लाखाची असे; इथे तुमची मूठ पहिल्या दिवसापासून उघडी आहे. तुमच्या खरेदीची किंमत, छायाचित्रे आणि त्यावर जाणकारांनी उपस्थित केलेल्या शंका चासी नंबर शोधला की समोर येतात, आणि तीन महिन्यांत परत विकायला आलेल्या गाडीबद्दल पहिला प्रश्न असतो, "हिच्यात काय निघाले?" त्याचे उत्तर वर्णनाच्या पहिल्या परिच्छेदातच द्यावे. पैशांची गरज हे कारण सांगण्यात कमीपणा नाही. कारण न सांगण्यात मात्र तोटा आहे.

९९३ ही एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या, ९११ ची शेवटची पिढी आहे आणि तिचे उत्पादन १९९८ मध्ये थांबले, हे खरे असले तरी ते तुमच्या खरेदीच्या किमतीत आधीच धरलेले होते. शक्य असेल तर वर्षभर थांबा. थांबणे शक्यच नसेल, तर त्या गाडीच्या मालकांच्या क्लबांत किंवा कमिशनवर गाडी विकून देणाऱ्या विश्वासू व्यापाऱ्याकडे आधी विचारणा करा. तिथे मागच्या लिलावाचा आकडा ठाऊक असला तरी समोरासमोर पाहून, चालवून घेण्याला किंमत मिळते.

प्रश्न : राखीव किंमत (जिच्याखाली गाडी विकायची नाही अशी किमान रक्कम) ठेवावी की विनाराखीव लिलाव करावा?

उत्तर : ज्या गाडीचे अनेक नग नियमितपणे विकले जातात आणि जिच्या भावाविषयी फारसा मतभेद नाही, तिला विनाराखीव ठेवण्यात धोका मर्यादित असतो, गाडी नक्की विकली जाणार हे कळले की बोली लावणारे वाढतात. दुर्मीळ रंगाची, विचित्र इतिहासाची किंवा फार थोड्या लोकांना हवी असणारी गाडी असेल, तर राखीव किंमत हवीच, कारण नेमके ते दोघे-तिघे त्या आठवड्यात दुसरीकडे गुंतलेले असले तर तुम्हाला कोणी वाली नाही. मात्र राखीव किंमत आपल्या खर्चाच्या बेरजेवरून ठरवू नका. तुम्ही ११२ घातलेत याच्याशी बाजाराला काही देणेघेणे नसते. राखीव किमतीपर्यंत न पोहोचलेला लिलावही कायमचा नोंदवला जातो, आणि पुढच्या वेळी तोच आकडा कमाल किंमत म्हणून तुमच्यापुढे धरला जातो.

प्रश्न : लिलावाच्या वर्णनात "मूळ रंग" असे लिहिलेली होंडा एनएसएक्स मी घेतली. विकण्यापूर्वी रंगाची जाडी मोजायला गेलो, तर माझे यंत्र आकडाच दाखवीना; जाणकाराच्या यंत्राने मागचा डावा भाग पुन्हा रंगवलेला असल्याचे दाखवले. मला हे ठाऊक नव्हते. आता मी हे सांगितलेच पाहिजे का?

उत्तर : होय, आणि ठळकपणे सांगितले पाहिजे. पण आधी यंत्राविषयी. १९९० मध्ये आलेल्या एनएसएक्सची बॉडी अॅल्युमिनियमची आहे, आणि चुंबकीय तत्त्वावर चालणारे साधे मीटर फक्त पोलादावरचा थर मोजते. अॅल्युमिनियमसाठी एडी करंट तत्त्वावर चालणारे मीटर लागते. दोन्ही धातूंवर चालणारे मीटर घेतले म्हणजे प्रश्न मिटतो. कारखान्यातला रंग साधारणपणे ८० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरतो. एका पॅनेलवर ११० आणि शेजारच्यावर २५० दिसले तर दुसरे पुन्हा रंगवले गेले असे समजावे. आकडा ५०० च्याही पुढे जाऊ लागला तर खाली पुट्टी असल्याची दाट शंका घ्यावी. एकट्या आकड्यापेक्षा शेजारच्या पॅनेलशी असलेला फरक अधिक बोलका असतो.

तुमच्या बाबतीत महत्त्वाचा मुद्दा असा, की ज्या दिवशी तुम्ही वर्णन लिहाल त्या दिवसापासून त्यातील विधाने तुमची होतात. "मागच्या विक्रेत्याने असे लिहिले होते" हे सांगून सुटका होत नाही, आणि माहीत असलेला दोष दडवला तर "जशी आहे तशी" या शब्दांचे कवचही सहसा टिकत नाही. जुने वर्णन जसेच्या तसे उचलण्याची सवय मला सर्वांत धोकादायक वाटते; एकाची चूक तिघांच्या नावावर चढते.

पुढचे पाऊल म्हणजे रंगकामाखालची दुरुस्ती तपासणे. ओरखडा मिटवण्यासाठी दिलेला रंग आणि धडकेनंतर सरळ केलेला भाग यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, विशेषतः अॅल्युमिनियमच्या बाबतीत, कारण तिथे दुरुस्तीला वेगळे कौशल्य आणि वेगळी हत्यारे लागतात. गाडी लिफ्टवर चढवून आतली बाजू, वेल्डिंगच्या जागा आणि बोल्टच्या डोक्यांवरील पान्याच्या खुणा यांची छायाचित्रे काढा आणि मोजलेले सगळे आकडे पॅनेलवार द्या. दोष सांगितल्याने किंमत थोडी उतरेल. पण बोली लावणाऱ्याला माहीत असलेल्या दोषाची वजाबाकी करता येते. नुसता संशय आला तर तो बोलीच लावत नाही.

प्रश्न : माझ्या फेरारी ३६० मोडेनाच्या टायमिंग बेल्टची मुदत संपत आली आहे. हे काम करून विकावी की "नव्या मालकाने करावे" असे लिहून द्यावे?

उत्तर : करून विका. ३६० मध्ये हे काम आसनांमागचे झाकण काढून गाडीच्या आतूनच करता येते. तिच्या आधीच्या एफ३५५ साठी इंजिन बाहेर काढण्याची प्रथा होती, आणि तो फरक मजुरीत चांगलाच जाणवतो. न झालेल्या कामाची वजाबाकी करताना खरेदीदार कधीच प्रत्यक्ष खर्चावर थांबत नाही. तो त्यात बेल्टबरोबर निघू शकणाऱ्या इतर कामांची भीती मिळवतो आणि खर्चाच्या दीडपट-दुप्पट रक्कम कापतो. ताज्या तारखेचे, त्या वेळच्या किलोमीटरच्या नोंदीसह बिल असले की ही भीतीच उरत नाही.

हाच न्याय प्रत्येक मॉडेलच्या प्रसिद्ध दुखण्याला लावावा. पोर्शे ९९६ च्या सर्वसाधारण आवृत्त्यांमधील एम९६ इंजिनाच्या आयएमएस बेअरिंगविषयी, म्हणजे इंजिनातील मधल्या शाफ्टच्या बेअरिंगविषयी, विचारणा झाल्याशिवाय राहत नाही (त्याच पिढीतील टर्बो आणि जीटी३ यांचे इंजिन वेगळे असल्याने त्यांना ही चिंता नाही, हेही वर्णनात नमूद करावे). बीएमडब्ल्यू ई४६ एम३ असेल तर मागच्या सबफ्रेमच्या (मागचे सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) बैठकीला पडणाऱ्या चिरा आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे यांचा उल्लेख हवा. सोबत कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन या, सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो आणि किती गळतो हे दाखवणाऱ्या, चाचण्यांचे सिलिंडरवार आकडे आणि थंड इंजिन सुरू करतानाचे सलग चित्रीकरण दिले, तर दहा शंका आपोआप मिटतात.

उलट, केवळ दिसण्यासाठीची कामे टाळा. वापराने मऊ पडलेले मूळ चामडे बदलणे किंवा दगड लागून टवके उडालेले बॉनेट रंगवणे हा पैसा परत येत नाही. त्यातून मूळपणा गेला तो गेलाच.

प्रश्न : मी चाके आणि एक्झॉस्ट बदलले आहेत. मूळ सुटे भाग स्वतंत्र विकले तर जास्त पैसे मिळतील का?

उत्तर : भागांचे मिळतील, गाडीचे जातील. मूळ भाग गाडीसोबतच ठेवा. शक्यतो ते परत बसवून छायाचित्रे काढा आणि बदललेले भाग वेगळे विका.

प्रश्न : गाडी माझ्या नावावर अजून झालेली नाही. कर वाचवण्यासाठी आधीच्या मालकाच्या सहीचे कागद थेट पुढच्या खरेदीदाराला दिले तर चालेल का?

उत्तर : नाही. अमेरिकेतील राज्यांसह अनेक ठिकाणी हे बेकायदा आहे, आणि जिथे कोणी पकडत नाही तिथेही मालकीच्या साखळीत एक कडी कायमची गहाळ होते. वर्षभरात अशा अनेक गाड्या फिरवत असाल, तर करखाते तुम्हाला हौशी न मानता व्यापारी मानू शकते. परवाना आणि कर यांचा सल्ला आधी घ्या.

प्रश्न : मर्यादित संख्येत निघालेली गाडी मी लिलावात घेतली. पहिल्या मालकाने ठराविक काळ न विकण्याचा करार केला होता असे आता कळते आहे. मी विकू शकतो का?

उत्तर : करार मुख्यतः सही करणाऱ्याला बांधतो, पण कंपन्या तो हलक्यात घेत नाहीत हे लक्षात ठेवा. तेव्हा नव्या असलेल्या फोर्ड जीटीच्या खरेदीदारांनी गाडी २४ महिने न विकण्याचे मान्य केले होते. कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीना यांनी ती मिळाल्यावर काही आठवड्यांतच विकली, तेव्हा फोर्डने २०१७ मध्ये त्यांच्यावर दावा लावला आणि २०१८ मध्ये तो तडजोडीने मिटला. त्या कराराची प्रत मिळवा, मुदत कधी संपते ते पाहा आणि वकिलाला दाखवा. मुदतीचे थोडेच महिने उरले असतील तर थांबणेच स्वस्त पडते, कारण वादाची शंका असलेली गाडी काही लिलावकर्ते घेतही नाहीत.

प्रश्न : विकण्यासाठी योग्य वेळ कोणती, आणि तोपर्यंत गाडी चालवावी की झाकून ठेवावी?

उत्तर : काही वेळा कायदाच मागणी निर्माण करतो. अमेरिकेत २५ वर्षे पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा निकषांतून सुटते, त्यामुळे जानेवारी १९९९ मध्ये आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ ला २०२४ पासून तो बाजार रीतसर खुला झाला. मात्र अशी तारीख सगळ्यांना वर्षानुवर्षे आधीच ठाऊक असते, म्हणून भाव त्या दिवसाची वाट पाहत थांबत नाही. एरवी आपल्याच मॉडेलचे चार नग एकाच आठवड्यात लिलावात दिसले, तर आपला पाचवा घालू नये एवढे पथ्य पुरेसे आहे.

गाडी थोडी चालवत राहा. फार काळ उभ्या राहिलेल्या गाडीचे सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात आणि ब्रेक ऑइल बंद गाडीतही ओलावा शोषतच राहते. ते दर दोन वर्षांनी बदलावे. टायरवरील तारखेचे चार आकडेही तपासा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असूनही टायर जुने निघाले, तर "नेहमी वापरात असलेली गाडी" हे तुमचे वाक्य तिथेच खोटे पडते.

प्रश्न : राखीव किंमत न गाठल्याने माझा लिलाव फसला. आता परदेशातील एकजण त्याहून जास्त देऊ करतो आहे, पण जास्तीची रक्कम वाहतूकदाराला मी पोहोचवावी असे म्हणतो.

उत्तर : हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. आलेला चेक पुढे खोटा ठरून बँक रक्कम परत घेते, आणि वाहतूकदाराच्या नावाने तुम्ही पाठवलेले पैसे मात्र तुमच्या खिशातून गेलेले असतात. खरा खरेदीदार वाहतुकीचे पैसे स्वतः देतो. या माणसाला उत्तर न देता लिलावकर्त्याला कळवा, आणि त्यांच्यामार्फत सर्वाधिक बोली लावणाऱ्याशी संपर्क साधा. लिलाव फसल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत दोन्ही बाजूंनी थोडे सरकून सौदा होण्याची शक्यता चांगली असते. पैसे खात्यात पक्के झाल्याची खात्री आपल्या बँकेकडून, आपल्याजवळच्या क्रमांकावर फोन करून, घेतल्याशिवाय किल्ली आणि कागद दोन्ही हातातून सोडू नका.