नवीन पीएस५ (सोनीचं प्लेस्टेशन ५ हे गेम मशीन) घेतलाय, सुरुवात कुठून करू? वेगवेगळ्या कन्सोलवरचे तुमचे सगळ्यात आवडते गेम कोणते?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी कॅसेटवाला टीव्ही गेम खेळलात, मग कॉलेज-नोकरीत सगळं सुटलं, आणि आता नऊ वर्षांच्या मुलाच्या निमित्ताने घरात पीएस५ आलाय. मी ठाण्यात वर्तकनगरला वाढलो, आता ऐरोलीत राहतो, आणि कॅसेटच्या काळापासून आजपर्यंत जे जे हाताला लागलं ते खेळत आलोय. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी माझं मत सांगतो कारण पुढची सगळी नावं त्यावरूनच आली आहेत. ग्राफिक्स किती भारी, गेम किती तासांचा, ऑनलाइन किती लोक खेळतात, यातल्या कशावरूनही गेम आयुष्यभर लक्षात राहत नाही. जो गेम त्या मशीनला काय जमतं आणि काय जमत नाही हे दोन्ही नीट ओळखून बनवलेला असतो, तोच वीस वीस वर्षं डोक्यातून जात नाही.

सुपर मारिओ ब्रदर्स घ्या, १९८५ चा. अख्खा गेम ४० केबीचा! आज व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी जो गुड मॉर्निंगचा फोटो येतो ना तो याच्याहून मोठा असतो. जागा वाचवायची म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, पांढरं रंगवलं की ढग आणि हिरवं रंगवलं की झुडूप, तुम्ही आता यूट्यूबवर जाऊन बघा, एकदा दिसलं की परत परत दिसत राहतं. आणि पहिली स्टेज तर शिकवणी आहे नुसती. मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे जायचं कुठे ते कोणी न सांगता कळतं. मग प्रश्नचिन्हाचा चौकोन, डोकं आपटलं की मशरूम बाहेर, ते उजवीकडे पळतं, पाइपला धडकतं आणि उलटं फिरून आपल्याकडेच येतं, आपण घाबरून पळायला बघतो तरी अंगावर येतंच आणि मारिओ मोठा होतो. झालं, मशरूम चांगलं असतं हे पोराला कळलं, एक अक्षर न वाचता. निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या टीमने हे बसवलं तेव्हा आपल्यासारखी इंग्लिश न येणारी पोरं डोळ्यांसमोर नसतील, पण आपल्याला ते लागू पडलं बघा.

त्याच कॅसेटवाल्या डब्यावर डक हंट. हा मला मारिओपेक्षाही जास्त आवडतो, हो, जास्त. बदकं उडतात, बंदूक टीव्हीवर रोखायची, चुकलं की कुत्रा गवतातून वर येऊन हसतो. पण ती बंदूक मुळात काही मारतच नाही, ती बघते! ट्रिगर दाबला की क्षणभर सगळी स्क्रीन काळी होते आणि बदक असेल तिथे पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा सेन्सर असतो, त्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर नेम लागला. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक, आणि उजेड कधी दिसला त्यावरून कुठलं बदक ते ठरतं. बारीक लक्ष दिलं तर तो चौकोन झपकन येऊन गेलेला डोळ्यांनाही दिसायचा, मी तो बघायला टीव्हीच्या इतका जवळ जायचो की आई मागून ओरडायची. आता गंमत अशी की हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या टायमिंगवर बेतलेलं आहे, त्यामुळे ती जुनी बंदूक आजच्या एलईडी टीव्हीसमोर धरलीत तर एकही बदक पडत नाही.

काँट्रा, तो बंदूकबाजीचा गेम, तुम्हीही खेळलाच असणार. वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए आणि स्टार्ट, एवढी बटणं या क्रमाने दाबली की ३० लाइफ. पण त्याच्यातली खरी भारी गोष्ट वेगळी, दोघं खेळताना एकाच्या लाइफ संपल्या की तो दुसऱ्याच्या उचलू शकतो! आमच्या चाळवजा बिल्डिंगमध्ये यावरून भांडणं झालीत, दिलदार कोण आणि चिकट कोण ते काँट्रात कळायचं. दोन रिमोट, एक टीव्ही, शेजारी बसलेला माणूस, आणि त्याची लाइफ तुमच्या बटणाखाली. ऑनलाइन गेममध्ये हे कुठून येणार.

पीएस१ वर लोक टेकन ३ या मारामारीच्या गेमचं नाव घेतात आणि बरोबरच आहे, एडी गॉर्डो घेऊन नुसती बटणं बडवणारा पोरगासुद्धा जिंकायचा म्हणून सगळे चिडायचे. पण माझा आवडता सायलेंट हिल, १९९९ चा. त्या मशीनला लांबपर्यंतचं गाव एका वेळी दाखवायला जमत नव्हतं, म्हणून बनवणाऱ्यांनी सगळं गाव धुक्यात बुडवलं, आणि ती अडचणच गेमची सगळ्यात भीतीदायक गोष्ट झाली. चार पावलांपुढचं दिसत नाही, खिशातला रेडिओ खरखरायला लागतो म्हणजे जवळपास काहीतरी आहे, कुठे आहे ते मात्र कळत नाही. आजचे मशीन मैलभर लांबचं पान न् पान दाखवतात तरी तसली भीती मला परत कुठे मिळाली नाही. (मुलाला दाखवू नका एवढं नक्की.)

आता पीएस२. आमच्याकडे तेव्हा तासावर पैसे घेऊन खेळायला देणारी दुकानं होती, तिथे एका टीव्हीवर जीटीए सॅन अँड्रियास, दुसऱ्यावर स्मॅकडाउन, तिसऱ्यावर क्रिकेट ०७, आणि बाहेर नंबर लावून बसलेली पोरं. मजा होती ती. पण २००५ साली याच मशीनवर शॅडो ऑफ द कोलोसस आला आणि मला विचाराल तर व्हिडिओ गेम म्हणजे काय असू शकतं याची हद्दच त्याने बदलली. एक मुलगा, वाँडर. एक घोडी, अ‍ॅग्रो. तलवार आणि धनुष्य. एवढा मोठा ओसाड प्रदेश आणि त्यात सोळा महाकाय प्राणी, त्यांच्याशिवाय लढायला दुसरं कोणीच नाही. रस्त्यात टोळ्या नाहीत, दुकानं नाहीत, तलवार उन्हात वर धरायची, किरणं एका ठिकाणी गोळा होतात, तिकडे घोडी दामटायची. आणि मग तो प्राणी समोर येतो, इमारतीएवढा, अंगावर दगड आणि केस, आणि तुम्हाला त्याच्या पायापासून डोक्यापर्यंत चढायचंय. इथे आर१ बटण म्हणजे तुमची मूठ. धरून ठेवलंत तोवर वाँडर त्याच्या केसांना लटकलेला, सोडलंत की खाली. प्राणी अंग झटकतो, वाँडर हवेत फेकला जातो पण मूठ सुटलेली नाही, कोपऱ्यातलं दम दाखवणारं वर्तुळ कमी कमी होत चाललंय, आणि तुमचं स्वतःचं बोट खरोखर दुखायला लागतं. पडद्यावरचा माणूस जे करतोय तेच तुमचा हात करतोय!

तेरावा प्राणी वाळवंटात आहे, लांबच लांब, हवेत उडणारा. खालून बाण मारून त्याच्या पोटाच्या पिशव्या फोडायच्या, तो खाली येतो, त्याचे पंख वाळूला टेकायला लागतात, तुम्ही घोडीवरून शेजारून भरधाव, आणि चालत्या घोडीवरून पंखावर उडी. एवढा थरार मी कुठल्याच गेममध्ये अनुभवला नाही. आणि मग लक्षात येतं की हा बिचारा तुमच्यावर एकदाही हल्ला करत नाही. एकदाही नाही. आपण जातोय त्याला मारायला, आणि पडतो तेव्हा जे संगीत लागतं ते जिंकल्याचं नसतंच. फुमितो उएदा यांचा गेम हा, आणि पीएस२ ची यात अक्षरशः दमछाक व्हायची, मोठा प्राणी हलला की चित्र अडखळायचं, पण मला ते अडखळणंसुद्धा त्या वजनाचा भाग वाटतं. २०१८ साली पीएस४ साठी नव्याने बनवलेला आला तो चित्रांनी फारच सुंदर आहे आणि तो तुमच्या पीएस५ वर चालतो.

एक्सबॉक्सवर मी कमी खेळलोय, त्यामुळे थोडक्यात. २००१ चा पहिला हेलो. बंदूकबाजीचा गेम माउस-कीबोर्डशिवाय जमतच नाही असं म्हणणाऱ्यांना यानेच गप्प केलं, एका वेळी दोनच बंदुका, आपोआप परत भरणारी शील्ड, सगळं कंट्रोलर हातात आहे हे समजून रचलेलं. आणि ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट, २०१५, ज्याची पहिली दहा मिनिटं बघून डोळ्यात पाणी आलं नाही असा माणूस मला अजून भेटायचाय.

जर्नी हा पीएस३ वरचा, २०१२ चा, दोन-तीन तासात संपतो. वाळवंटातून डोंगराकडे चालायचं. मधेच कोणीतरी दुसरा प्रवासी भेटतो, तो जगात कुठेतरी बसलेला खराखुरा माणूस असतो, पण त्याचं नाव दिसत नाही, माइक नाही, चॅट नाही, फक्त एक सूर काढता येतो. शिव्या देता येत नाहीत, फसवता येत नाही, मदतच करता येते. बर्फात दोघं जवळ आलात की एकमेकांना ऊब मिळते. गेम संपल्यावर कोण कोण सोबत होतं त्यांची नावं दिसतात. ऑनलाइन खेळणं म्हणजे आरडाओरडा असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा हा खेळावाच.

निन्टेन्डो स्विचवरचा झेल्डा, ब्रेथ ऑफ द वाइल्ड, २०१७. तो निन्टेन्डोच्या वी यू या आधीच्या मशीनवर पण आला होता पण स्विचवर त्याचं सोनं झालं. मी तो बराचसा ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये खेळलोय, ऐरोलीला चढायचं, रबाळे-घणसोली जाईपर्यंत एखादी टेकडी चढून व्हायची, वाशी आलं की एक बटण दाबून झोपवायचा, परत येताना त्याच फांदीवरून पुढे. आणि गेम किती शहाणा! पाऊस आला की कडा निसरडा होतो, चढता येत नाही. वीज चमकायला लागली की अंगावरचं धातूचं काहीही तिला खेचतं, तलवार-ढाल काढून ठेवावी लागते, आणि डोकं चालवलंत तर तीच तलवार शत्रूच्या पायाशी फेकायची. गवताला आग लावली की गरम हवा वर जाते आणि त्यावर छत्री उघडून आपणही वर. कोणी शिकवत नाही, खऱ्या जगात जे होईल असं वाटतं ते करून बघायचं आणि ते होतं. मारिओच्या पहिल्या स्टेजचीच पुढची पिढी आहे ही.

आणि आता आपल्या मातीतला. अनचार्टेड द लॉस्ट लेगसी, पीएस४, २०१७. खजिना शोधणारी क्लोई फ्रेझर गणपतीचा हस्तिदंत शोधायला होयसळांच्या राज्यात येते, आणि सुरुवातीचा शहरातला भाग सोडला तर सगळा गेम पश्चिम घाटात! एक मोठा भाग असा आहे की जीप घेऊन कुठेही फिरा, तांबडा चिखल, धबधबे, चिखलात चाकं फिरतात, विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लावून ओढायची. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला तो ओला हिरवा रंग बघून काय वाटतं ते शब्दात सांगता येणार नाही, मी कितीतरी वेळ लढाया सोडून नुसती जीप फिरवत होतो. होयसळांची मंदिरं असलेलं कर्नाटकातलं खरं बेलूर-हळेबीडू बघितलेल्यांना हे ठिकाण ओळखीचं वाटणार नाही, ती मंदिरं अशी कड्याकपारीत नाहीत, पण दगडातल्या कोरीवकामाची नजर त्यांनी नीट घेतलीय. आणि हा गेम बघितल्यावर राजी, अ‍ॅन एन्शंट एपिक पण घ्या, २०२० चा, पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने बनवलाय. भाऊ गोलूला शोधत निघालेली राजी, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू, मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारख्या. लढाई थोडी कच्ची आहे, गेम छोटा आहे, तरी पुण्यात बसून कोणीतरी हे करून स्विच-प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवर नेलं याचा मला प्रचंड अभिमान आहे.

तर तुम्ही काय करायचं. पैसे खर्च करायच्या आधी अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम उघडा, तो तुमच्या पीएस५ मध्ये आधीपासूनच आहे, फुकट. कंट्रोलर काय काय करू शकतो हे दाखवायलाच बनवलाय, पाऊस पडला की तळहाताला थेंब जाणवतात, वाळू वेगळी, काच वेगळी, ट्रिगर दाबताना स्प्रिंग खरोखर अडते. मुलाच्या हातात आधी द्या आणि मग तुम्ही घ्या. त्याला आवडला तर मग २०२४ चा अ‍ॅस्ट्रो बॉट विकत घ्या, दोघं आळीपाळीने खेळा. तो झोपल्यावर तुम्ही कोलोसस. जर्नीपण मिळतो, पीएस४ वाली आवृत्ती चालते. लॉस्ट लेगसी तुम्ही खेळा, मारामारी आहे, मुलाला जीप चालवायला द्या. जीटीए आणि गॉड ऑफ वॉर तो मोठा होईपर्यंत त्याच्यासमोर लावू नका, मित्र कितीही म्हणाले तरी.

तुमचा पीएस५ डिस्कवाला आहे की डिजिटल ते लिहा. डिस्कवाला असेल तर पीएस४ च्या जुन्या डिस्क सेकंडहँड बऱ्याच स्वस्तात मिळतात आणि त्यावर चालतात, मग कोलोसस आणि लॉस्ट लेगसी दोन्ही आधी तशाच शोधा.