केस वाढतायत, मग लांबी का वाढत नाही?

तुमच्या पत्रात तुम्ही बरंच लिहिलंय: केस आठवड्यातून दोनदा धुता, घट्ट रबराने बांधता, दोनदाच स्ट्रेटनर फिरवता, तेल लावता, दर आठवड्याला प्रोटीन मास्क करता, नवीन सेरमही आणलंय. तरी शेंडे खराट्यासारखे, आणि लांबी दीड वर्षं पाठीच्या वरच्या भागापाशीच अडकलेली. या सगळ्यात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, ‘ट्रिम मात्र दर दोन महिन्यांनी न चुकता, इंचभरच.’ मी तिथेच थांबले.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सें.मी. वाढतो. दोन महिन्यांत झाले २ ते २.५ सें.मी. आणि इंच म्हणजे २.५४ सें.मी. बघा आता. दीड वर्षात तुमचे केस चांगले वीसेक सें.मी. वाढले आणि तेवढेच सलूनच्या फरशीवर पडले. नियमित कापल्याने केस भराभर वाढतात हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार; सगळ्यांनाच सांगतात. केस वाढतो टाळूच्या आत, मुळाशी. खाली कात्री चालली की नाही, हे मुळाला कळायची सोय नाही.

पण मग निदान शेंडे तरी छान असायला हवे होते ना? दीड वर्षात नऊ वेळा कापूनही ते खराट्यासारखेच आहेत, म्हणजे झीज कात्रीच्या वरच्या भागात चालू आहे. खालचा इंच गेला की वरचा इंच त्याच्या जागी येतो, आणि तोही तसाच झिजलेला. तेव्हा आधी झीज थांबवायची आणि कात्रीचं नंतर बघायचं. तुमचा क्रम उलटा झालाय.

तुमचा शेंडा किती जुना आहे याचा अंदाज घ्या. ४० सें.मी. लांब केसाचं टोक सुमारे तीन वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलं. आठवड्याला दोन धुणी धरली तरी ते तीनशे वेळा धुतलं गेलंय, त्याहून कितीतरी जास्त वेळा विंचरलं गेलंय. केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात, मुळाजवळ सहा ते दहा थर. खाली येईपर्यंत ते एकेक करून उडतात, आणि जुन्या शेंड्यावर कधी कधी एकही शिल्लक नसतो. आतले तंतू उघडे पडतात आणि दोरीचं टोक उसवावं तसे सुटतात. त्यालाच आपण फाटे फुटले म्हणतो. केसाचा हा भाग जिवंत नसतो, त्यामुळे तो जखमेसारखा भरून येत नाही. बाटलीवर ‘दुरुस्ती’ असं काहीही छापलेलं असो, फाटा तात्पुरता चिकटतो आणि दोन-चार धुण्यांत सुटतो. सेरम वाया गेलं असं नाही हं, त्याचं काम वेगळं आहे. त्याकडे येते.

आधी एक करा. दिवसाउजेडी खिडकीशी बसा, एक बारीक बट घ्या आणि गडद रंगाच्या कापडावर पसरा. फाटे दिसतीलच, पण त्याहून महत्त्वाचे आहेत केसाच्या मधोमध दिसणारे बारीक पांढरे ठिपके. तिथे केस आतून फुटलेला असतो, दोन झाडू समोरासमोर खुपसल्यासारखा. हलकं ओढलं की तिथेच तुटतो. मग कंगव्यातले केस बघा. एका टोकाला बारीक पांढरट गाठ असेल तर तो आपली मुदत संपवून मुळापासून गळलेला केस. असे रोज ५० ते १०० जाणं नॉर्मल आहे. गाठ नसलेले आखूड तुकडे म्हणजे तुटलेले केस. तुमचा झगडा फक्त या दुसऱ्या प्रकाराशी आहे. गाठवाले केसच अचानक खूप जास्त दिसू लागले तर शेंड्यांचा विषय बाजूला ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

माझे पांढरे ठिपके उजव्याच बाजूला जास्त होते. कारण सापडायला वर्ष गेलं: खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा. रोज केस त्याखाली अडकायचे आणि मी मान वळवली की ओढले जायचे. तुम्ही घट्ट रबर लिहिलंय, म्हणून सांगते, शेपटी रोज एकाच उंचीवर बांधत असाल तर ठिपके तिथे एका ओळीत सापडतील. कापड गुंडाळलेलं रबर घ्या, जागा बदलत राहा, बाहेर पडताना सैल वेणी किंवा अंबाडा घाला. लांब केस मोकळे सोडायचेच असतील तर ज्या दिवशी बॅग नाही, खुर्चीची पाठ खरखरीत नाही आणि वारा नाही अशा दिवशी. (असा दिवस वर्षातून दोनदा येतो.)

आता स्ट्रेटनर. तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा गुन्हेगार हाच. ‘किंचित ओलसर असतानाच फिरवते, पटकन बसतात’ हे वाचून मी कपाळाला हात लावला. ओलसर केसात पाणी असतं. तापलेल्या पट्टीखाली त्याची आतल्या आत वाफ होते आणि केसात बुडबुडे धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. असा केस पोकळ काडीसारखा मोडतो आणि त्यावर कुठलंही तेल चालत नाही. सहा महिने स्ट्रेटनर कपाटात ठेवा. जमणारच नसेल तर केस पूर्ण कोरडे करून, कमीत कमी तापमानावर, एकदाच फिरवा, आणि शेवटचे चार बोटं शेंडे सोडून द्या. ड्रायरला माझा तितका विरोध नाही. साधारण १५ सें.मी. लांब धरून, हात सतत हलता ठेवून वाळवले तर नुकसान फारसं होत नाही. तासन्‌तास ओले ठेवलेले केस फुगलेले राहतात आणि तेही आतून सोसतातच.

ओला केस हे वेगळंच प्रकरण आहे. तो पाणी पिऊन फुगतो, खवले उचलले जातात आणि तो रबरासारखा ताणतो. ताणतो म्हणून मजबूत वाटतो, पण एका मर्यादेपलीकडे गेला की पूर्ववत होत नाही. म्हणून शॅम्पू फक्त टाळूला. खाली ओघळणारा फेस शेंड्यांना पुरतो, त्यांना हातांत घेऊन चोळू नका. कंडिशनर उलट, कानाखालून शेंड्यांपर्यंत. इथे एक गंमत आहे. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो आणि कंडिशनरमधले मुख्य घटक धनभारित असतात, त्यामुळे जिथे जास्त झीज तिथे ते आपोआप जास्त चिकटतात. गुंता तेव्हाच, कंडिशनर केसांत असताना सोडवा: रुंद दातांचा कंगवा, खालून सुरुवात, बट मुठीत धरून, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. वरून खाली एका दमात कंगवा ओढणाऱ्या बायका बघितल्या की माझ्याच डोक्यात कळ येते. नंतर टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या मऊ सुती टी-शर्टमध्ये दाबून पाणी टिपा.

तेल तुम्ही धुतल्यावर लावता. ते धुण्याआधी लावून बघा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नारळाचं, सूर्यफुलाचं आणि खनिज अशी तीन तेलं ताडून पाहिली होती. केसातल्या प्रथिनांची गळती कमी झाली ती फक्त नारळाच्या तेलाने, कारण त्याचे रेणू लहान आणि सरळ असल्याने केसात शिरतात. आत शिरलेलं तेल पाणी पिऊन फुगणं आटोक्यात ठेवतं. धुण्याच्या आदल्या रात्री शेंड्यांना चमचाभर पुरे. तेलाने ओलावा मिळतो असं म्हणतात ते मात्र चूक, तेलात पाणी नसतंच.

धुतल्यावर तेलाऐवजी तुमचं ते सेरम. त्यात सिलिकोन असेल, आणि सिलिकोनबद्दल वाईटसाईट वाचून तुम्ही ते लावायला घाबरताय असं दिसतंय. मी घाबरत नाही. उडालेल्या खवल्यांच्या जागी तो एक निसरडा थर देतो, केस एकमेकांवर घासत नाहीत, कंगवा अडकत नाही. लांब केसांना याहून जास्त काय हवं? ओलसर शेंड्यांना दोन थेंब, बस्स. केस जड, चिकट वाटायला लागले की एखादं धुणं जरा कडक शॅम्पूने.

प्रोटीन मास्क दर आठवड्याला नको. जास्त झालं की केस कडक होतो, आणि कडक झाला की मोडतो. तुमचं ‘काडीसारखे लागतात’ हे वर्णन मला त्या दिशेचं वाटतं. दोन महिने बंद करून फरक बघा. उशीला रेशमी अभ्रा घ्या किंवा घेऊ नका, सैल वेणी घालून झोपलात तर माझ्या मते फारसा फरक पडत नाही.

आणि कात्री. कधीच कापू नका, असं मी म्हणत नाहीये. मी एकदा त्या नादात पूर्ण दोन वर्षं कात्री लावली नव्हती. फाटे वर चढत गेले, शेंड्यांना शेंडे गुंतून तुटत गेले आणि शेवटी वीतभर कापावे लागले. तुम्ही चार-पाच महिन्यांनी, अर्धा इंच कापा. वाढ चार ते सहा सें.मी., कात्रीला सव्वा सें.मी. सलूनमध्ये ‘थोडंसं’ म्हणू नका, बोटावर माप दाखवा. मध्ये मध्ये उजेडात बसून एकेक फाटा शोधून, फाट्याच्या थोडं वर तिरकी नव्हे तर आडवी कात्री लावा. कात्री केस कापायचीच हवी. मी स्वयंपाकघरातल्या बोथट कात्रीने हा उद्योग केला होता. ती केस कापत नाही, चावते, आणि महिन्याभरात प्रत्येक कापलेल्या टोकाला नवा फाटा हजर होता.

आता जे शेंडे आहेत ते काही मऊ होणार नाहीत, हे धरून चला. सलूनवाली चार इंच कापायला सांगतेय, तो निर्णय तुमचा. मी असते तर दोन कापले असते, बाकीचे वर्षभरात हळूहळू जाऊ दिले असते. आज कोरड्या केसांवर टेप लावून, कपाळाच्या कडेपासून डोक्यावरून मागे शेंड्यापर्यंत, माप लिहून ठेवा. आणि कंगव्यातल्या केसांत गाठवाले किती, तुकडे किती, एका आठवड्याचा हिशेब मला कळवा. तुकडेच जास्त निघाले तर स्ट्रेटनर कपाटात नको, दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा.