दिवाळखोर की डबघाईला आलेली? क्रायस्लरच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: "क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीवर लेख लिहितो आहे. १९८० च्या सुमाराची आणि २००९ ची, अशा दोन्ही घसरणींना मी 'दिवाळखोरी' म्हटलं आणि दोन्ही वेळच्या सावरण्याला 'पुनरुज्जीवन'. एका मित्राने दोन्ही शब्दांभोवती गोल काढले आणि 'ऊर्जितावस्था' सुचवला. बरोबर काय?"

मित्राने गोल बरोबर जागी काढले, पण सुचवलेला शब्द मला पटत नाही. १९८० साली क्रायस्लरचं दिवाळं निघालं नव्हतं, निघायच्या बेतात होतं. २००९ साली ते खरोखर निघालं, रीतसर न्यायालयात. या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला, तर मधल्या काळात जे घडलं त्याची किंमतच वाचकाला कळत नाही.

आधी 'दिवाळं' बघू. हा शब्द दिव्याशी जोडतात. देणी भागवता येईनाशी झाली की व्यापाऱ्याने भर दिवसा पेढीवर दिवा लावायचा आणि आपण बाजूला व्हायचं, अशी जुनी चाल होती असं सांगतात. व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत, पण शब्दाचा वापर मात्र या चित्राशी चांगला जुळतो. मराठीत दिवाळं 'निघतं', 'वाजतं' किंवा 'काढलं' जातं. ही तिन्ही क्रियापदं चारचौघांत गोष्ट उघड होण्याची आहेत. घरात चणचण आहे, हप्ते थकले आहेत, सावकार दारात बसला आहे, एवढ्याने दिवाळं निघत नाही. 'आता माझ्याच्याने होत नाही' हे जाहीर झालं की निघतं. इंग्रजीतल्या 'बँकरप्ट'मागे इटालियन भाषेतलं मोडलेलं बाकडं आहे. सराफाचं बाजारातलं बाकडं मोडलं की त्याचा धंदा संपला. तिकडे बाकडं, इकडे दिवा, पण दोन्हीकडे गोष्ट भर बाजारातली.

क्रायस्लरने १९८० साली हा दिवा लावला नाही. लावू नये म्हणूनच तर सगळा आटापिटा होता.

कंपनी त्या टोकाला पोचली कशी? १९७३ च्या तेलटंचाईनंतरही तिचा भर मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर राहिला. १९७६ च्या सुमाराला आलेल्या अ‍ॅस्पन आणि व्होलारे या गाड्या गंजण्यासाठीच लोकांच्या लक्षात राहिल्या. त्यात कारखान्याची एक जुनी खोड होती: विक्रेत्यांकडून मागणी आलेली नसतानाही गाड्या बनवत राहायच्या आणि मग त्या कशाबशा गळ्यात मारायच्या. आपल्याकडे व्यापारी म्हणतात तसं, माल उठत नव्हता. मिशिगनच्या जत्रेच्या मैदानावर नव्याकोऱ्या गाड्या रांगेने उभ्या असायच्या, ऊन, पाऊस, बर्फ खात. मग १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीने पेट्रोल पुन्हा भडकलं. त्या वर्षीचा तोटा १.१ अब्ज डॉलर, पुढच्या वर्षीचा १.७ अब्ज.

या अवस्थेला मराठीत नेमका शब्द आहे: कंपनी डबघाईला आली. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो काठावरचा आहे. डबघाईला 'येतात'. डबघाई 'झाली' किंवा 'निघाली' असं आपण म्हणत नाही. जी गोष्ट बुडू पाहते आहे पण अजून पाण्याच्या वर आहे, तिच्यासाठी हा शब्द आहे. बुडाल्यावर डबघाई उरतच नाही. साखर कारखान्यांच्या संदर्भात आपण 'आजारी' म्हणतो, तोही याच्या जवळपासचा शब्द. पण आजारात नुसतं अंथरुणावर पडणं आहे, डबघाईत हातपाय मारणंही दिसतं. १९८० च्या क्रायस्लरला म्हणून डबघाईच शोभते.

आता एक गोष्ट, जी प्रश्नात विचारलेली नाही पण तुमच्या लेखात हमखास येणार: "तेव्हा सरकारने क्रायस्लरला कर्ज दिलं" हे वाक्य. ते चूक आहे. फोर्डमधून काढून टाकलेले ली आयकोका १९७८ च्या नोव्हेंबरात क्रायस्लर सांभाळायला आले आणि पुढच्या वर्षी मदतीसाठी वॉशिंग्टनला गेले. ७ जानेवारी १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी ज्या कायद्यावर सही केली, तो कर्जाच्या हमीचा कायदा होता. दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला सरकार जामीन राहिलं. पैसे दुसऱ्यांचे, जबाबदारी सरकारची. आपल्या गावातल्या सोसायटीत जामीनदार होऊन सही केलेला माणूस हा फरक झोपेतही सांगेल. म्हणून 'सरकार जामीन राहिलं' किंवा 'सरकारने हमी घेतली' असं लिहा. 'बेलआउट'चं भाषांतर शोधत बसण्यापेक्षा 'सरकारने हात दिला' हे साधं मराठी मला पुरेसं वाटतं.

आणि तो हात फुकट नव्हता. कामगारांनी पगारात कपात सोसली, बँकांनी आपल्या येणे रकमेतल्या काही भागावर पाणी सोडलं. कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर संचालक मंडळावर आले, अमेरिकेतल्या बड्या कंपनीत हे पहिल्यांदा घडलं. आयकोकांनी स्वतःचा वर्षाचा पगार एक डॉलर केला. १९८१ सालच्या मॉडेल म्हणून के-कार आल्या, छोट्या, पुढच्या चाकांना गती देणाऱ्या, तरीही सहा माणसं बसतील अशा. हमीच्या रकमेतले १.२ अब्ज उचलले होते, ते १९८३ मध्ये, मुदतीच्या सात वर्षं आधी फेडले. हमीच्या बदल्यात सरकारकडे समभाग घेण्याचे हक्क होते, त्यांच्या लिलावातून सरकारी तिजोरीत ३१ कोटी डॉलरच्या वर रक्कम आली. त्याच वर्षाच्या अखेरीला मिनिव्हॅन बाजारात आली आणि १९८४ चा नफा २.४ अब्जांच्या आसपास गेला. ज्या कंपनीने हे करून दाखवलं, तिला 'दिवाळखोर' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

'अन्याय' हा शब्द मी जाणून वापरला. 'दिवाळखोर'मधला 'खोर' फारसीतला आहे, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, चुगलखोर, भांडखोर, नफेखोर. यांतला एक तरी शब्द कुणाला कौतुकाने लावता येईल का? 'खोर' लागला की तो त्या माणसाचा स्वभाव ठरतो. माझी बरीच वर्षं पतसंस्थांच्या वसुलीचे कागद मराठीत तयार करण्यात गेली. एकदा एका नोटिशीत 'थकबाकीदार'च्या जागी 'दिवाळखोर' असं टाइप होऊन गेलं. तो सभासद, मध्यम वयाचा किराणा दुकानदार, कागदाची घडी शर्टाच्या खिशातून काढून माझ्या टेबलावर उलगडून ठेवत म्हणाला, "साहेब, तीन हप्ते राहिलेत, कबूल. पण हे मला कधी झालं?" त्याचं बोट त्या शब्दावर होतं. नोटीस आम्ही मागे घेतली. त्या दिवसापासून हा शब्द मी दोनदा विचार केल्याशिवाय लिहिलेला नाही.

कायद्याच्या मराठीत याला एक सौम्य शेजारी आहे, 'नादार'. जमीनदार, ठेवीदार, भागीदार, जामीनदार या सगळ्यांच्या 'दार'मध्ये काहीतरी बाळगणारा माणूस आहे. नादार म्हणजे ज्याच्याकडे बाळगण्यासारखं काही नाही तो. पूर्वी गरीब विद्यार्थ्यांना फी माफ व्हायची, त्यालाही 'नादारी' म्हणत. "मी नादारीवर शिकलो" हे वाक्य मागच्या पिढीतली माणसं अभिमानाने सांगत आली आहेत. आपल्याकडच्या २०१६ च्या कायद्याला मराठीत 'नादारी व दिवाळखोरी संहिता' म्हणतात, तिथे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात: देणं भागवता न येणं ही नादारी, आणि त्यावर कायद्याची मोहोर उमटली की दिवाळखोरी. १९८० ची क्रायस्लर फार तर नादारीच्या उंबऱ्यावर होती.

२००९ ची गोष्ट वेगळी. १९९८ मध्ये कंपनी जर्मनीच्या डेमलरकडे गेली, संसार जमला नाही, २००७ मध्ये डेमलरने ८०.१ टक्के हिस्सा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीला विकला, आणि लगेच २००८ ची मंदी आली. सरकारने या वेळी हमी दिली नाही, थेट कर्जच दिलं. तेही पुरलं नाही. ३० एप्रिल २००९ रोजी क्रायस्लरने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. इथे दिवा लागला. इथे तुमचा शब्द बरोबर आहे.

फक्त एक खबरदारी घ्या. मराठी वाचकाला 'दिवाळखोरी' म्हटलं की दुकानाला कुलूप, सामानाचा लिलाव असं दिसतं. त्याला आपल्याकडे सहकाराच्या भाषेत पक्का शब्द आहे, 'अवसायन'. संस्था अवसायनात निघते, अवसायक नेमला जातो, मालमत्ता विकून देणी भागवली जातात आणि संस्था संपते. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात ते प्रकरण ७. क्रायस्लर गेली ती प्रकरण ११ खाली. तिथे कर्जात बुडालेल्या कंपनीला न्यायालयाचं संरक्षण मिळतं आणि धंद्याची घडी नव्याने बसवता येते. तेव्हा 'क्रायस्लर दिवाळखोरीत निघाली' एवढ्यावर थांबू नका, 'पुनर्रचनेसाठी दिवाळखोरीचा अर्ज केला' असं लिहा. चार शब्द जास्त गेले तरी चालतील, वाचकाच्या डोळ्यांपुढे चुकीचं कुलूप यायला नको.

आता 'पुनरुज्जीवन'. पुनः आणि उज्जीवन, संधी होऊन पुनरुज्जीवन. 'ज्जी' दीर्घ, 'पुनरुज्जिवन' नव्हे. जीव क्षीण झालेल्या त्याच देहात पुन्हा चैतन्य येणं, हा त्याचा अर्थ. १९८३ च्या क्रायस्लरला तो चपखल बसतो: तीच कंपनी, तेच भागधारक, तेच कर्ज, आणि ते कर्ज तिनेच फेडलं.

२००९ मध्ये मात्र देहच बदलला. अर्जानंतर ४१ दिवसांनी, १० जूनला, चांगले कारखाने आणि नावं एका नव्या कंपनीने घेतली. जुनी कंपनी नको असलेल्या देण्यांसह मागे राहिली आणि तिचं नावसुद्धा बदलून 'ओल्ड कारको' झालं. नव्या कंपनीत निवृत्त कामगारांच्या आरोग्य निधीकडे सर्वांत मोठा हिस्सा, इटलीच्या फियाटकडे सुरुवातीला २० टक्के आणि व्यवस्थापन, बाकी अमेरिका आणि कॅनडाच्या सरकारांकडे. फियाटने त्या हिश्शासाठी रोख पैसा दिला नाही, तंत्रज्ञान दिलं. ७८९ विक्रेत्यांचे करार रद्द झाले. जुना देह टाकून नवा घेतला, याला आपल्याकडे पुनर्जन्म म्हणतात, आणि मी इथे तोच शब्द वापरेन. कंपनीने सरकारी कर्ज २०११ मध्ये परत केलं, तरी अमेरिकन सरकारला एकूण व्यवहारात सुमारे १.३ अब्ज डॉलरची खोट आली, १९८३ सारखा फायदा झाला नाही.

बातम्यांमध्ये अशा वेळी 'संजीवनी' हमखास येते. वापरायचीच असेल तर कुठली संजीवनी ते मनाशी ठरवा. हनुमानाने आणलेली वनस्पती मूर्च्छित लक्ष्मणासाठी होती, तो अजून गेलेला नव्हता. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या मेलेल्याला उठवणारी. कच राख होऊन गुरूच्या पोटात गेला होता, तिथून तो बाहेर आला. १९८० ला पहिली लागू पडते, २००९ ला दुसरी. या भेदाचा तुमच्या लेखात सुंदर उपयोग होईल.

राहिला मित्राचा शब्द. 'ऊर्जितावस्था' (पहिला 'ऊ' दीर्घ) म्हणजे बळाची, भरभराटीची अवस्था. त्या शब्दात 'पुन्हा' नाही. पहिल्यांदा भरभराट झाली तरी ती ऊर्जितावस्थाच. म्हणून तो तुमच्या लेखाच्या सुरुवातीला जास्त शोभेल. कॅन्ससमध्ये जन्मलेले, रेल्वेच्या कारखान्यात हात काळे करून वर आलेले वॉल्टर क्रायस्लर यांनी मोडकळीला आलेल्या मॅक्सवेलमधून ६ जून १९२५ रोजी आपली कंपनी उभी केली. १९२८ मध्ये डॉज विकत घेतली, प्लिमथ आणि डिसोटो सुरू केल्या, १९३० मध्ये न्यूयॉर्कची ती टोकदार क्रायस्लर बिल्डिंग उभी राहिली, जिच्या एका मजल्याच्या कोपऱ्यांवर गाडीच्या रेडिएटरच्या टोपणासारखी नक्षी आहे. कंपनी ऊर्जितावस्थेला आली ती तेव्हा. त्याच जोरावर तिचा हात मुंबईपर्यंत पोचला: वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला सुरुवात केली. पुढे त्याच कुर्ल्यात फियाट बनू लागली. २००९ मध्ये फियाट आणि क्रायस्लर एकत्र आल्याची बातमी वाचली तेव्हा मला आधी कुर्ला आठवलं. आता पुण्याजवळ रांजणगावला जीप कंपास बनते, ती याच घराण्यातली.

आजच्या अवस्थेसाठी मात्र 'ऊर्जितावस्था' नको. २०२१ पासून हे सगळं स्टेलांटिस या मोठ्या समूहात सामावलं आहे. जीपचं बरं चाललं असेल, पण क्रायस्लर या नावाची शेवटची सेडान २०२३ मध्ये बंद झाली आणि त्या नावाखाली आता मिनिव्हॅनच उरल्या आहेत. मी तिथे 'क्रायस्लर हे नाव तग धरून आहे' असं लिहिलं असतं.