परदेशात बदली झाली, मुलीचं नवीन शालेय वर्ष तिथेच सुरू होणार. आधी काय बघावं?

आधी इयत्ता कशी ठरते ते विचारा. दप्तर, गणवेश नंतर. शाळा जपानमध्ये एप्रिलला, इंग्लंडमध्ये सप्टेंबरला, ऑस्ट्रेलियात जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते आणि वयाची अटही वेगळी. इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टला जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान, १ सप्टेंबरचं थेट पुढच्या वर्षीच्या बॅचमध्ये सगळ्यात मोठं. एका दिवसाचा खेळ! त्यामुळे वर्ग खालचा मिळाला तर मुलगी मागे पडली असं धरू नका.

लसीकरणाची नोंद आणि जुने निकाल हातातल्या बॅगेत ठेवा. भाषा नवी असेल तर सुरुवातीला ती वर्गात गप्प बसेल, बसू द्या. फक्त ‘मला बाथरूमला जायचंय’ एवढं वाक्य तिथल्या भाषेत पाठ करून घ्या.