मानवी यकृतावर कॅथेप्सिन डीची अँटिबॉडी: वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखण्याची चाचणी) ५२ ऐवजी ३४ किलोडाल्टनचा बँड आणि स्लाइड सगळीकडे तपकिरी. अँटिबॉडी खराब आहे का?

३४ चा बँड बरोबर आहे. कॅथेप्सिन डी हे लायसोसोममधलं (पेशीच्या पचनपिशवीतलं) प्रथिनं तोडणारं एन्झाइम. ते ५२ किलोडाल्टनच्या प्रोएन्झाइमच्या (कच्च्या रूपाच्या) रूपात तयार होतं, मग त्याचं ४८ चं एकसाखळी रूप बनतं, आणि लायसोसोममध्ये त्याचे ३४ ची जड साखळी व १४ ची हलकी साखळी असे दोन तुकडे होतात. टिश्यूमध्ये साठा असतो तो मुख्यतः या पक्व रूपाचा. त्यामुळे जड साखळीवर बेतलेल्या अँटिबॉडीला ३४ वर ठळक बँड आणि वर ४८-५२ ला फिकट बँड दिसणं अपेक्षितच आहे. डेटाशीटवर इम्युनोजेन (ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवली तो प्रथिनाचा तुकडा) कुठला भाग आहे ते आधी बघा. हलक्या साखळीवरची असेल तर १४ चा बँड १० टक्के जेलमधून खाली निघून जाऊ शकतो. १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉनचा मेंब्रेन घ्या. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) या एन्झाइमला अडवणारं पेप्स्टॅटिन ए हवंच. नुसतं पीएमएसएफ घालून भागत नाही, कारण ते सेरीन प्रोटिएजला अडवतं आणि हे एन्झाइम अ‍ॅस्पार्टिक प्रोटिएज आहे.

खरी अडचण स्लाइडची आहे, आणि यकृत त्यासाठी फार फसवं. त्यात अंतर्गत पेरॉक्सिडेज आहे, बायोटिन भरपूर आहे, आणि वर लिपोफसिन. हे पिवळट-तपकिरी रंगद्रव्य साठतं लायसोसोममध्येच, म्हणजे तुम्ही जिथे सिग्नल शोधताय नेमकं तिथेच. डीएबीचा, म्हणजे पेरॉक्सिडेजच्या क्रियेनं अँटिबॉडीची जागा दाखवणाऱ्या द्रव्याचा, रंगही तपकिरी.

म्हणून एकाच ब्लॉकचे, ४ मायक्रॉनचे चार जादा सेक्शन कापा. पहिल्यावर काहीच नाही, फक्त पॅराफिन काढून माउंट करा. दुसऱ्यावर पेरॉक्सिडेज अडवून मग फक्त डीएबी, तिसऱ्यावर प्रायमरी (कॅथेप्सिन डीला चिकटणारी अँटिबॉडी) सोडून सगळं, चौथ्यावर प्रायमरीऐवजी आयसोटाइप (त्याच प्रकारची, पण कॅथेप्सिन डीला न चिकटणारी अँटिबॉडी). आयसोटाइपचं डायल्यूशन जुळवू नका, मायक्रोग्रॅम प्रति मिली जुळवा. इथे बरेच जण चुकतात. पहिल्याच स्लाइडवर तपकिरी कण दिसले तर ते बहुधा लिपोफसिन. दुसरीवर नव्यानं रंग आला तर पेरॉक्सिडेज नीट अडलेलं नाही: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १० मिनिटं, ताज्या बाटलीतलं. तिसरीवर आला तर बहुधा बायोटिन किंवा सेकंडरी (प्रायमरीला पकडणारी दुसरी अँटिबॉडी). अशा वेळी बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन सोडून पॉलिमर डिटेक्शन वापरा. चारही स्वच्छ असूनही मूळ स्लाइड माखलेली असेल, तर संशय प्रायमरीच्या तीव्रतेवर. १:१०० पासून १:१६०० पर्यंत दुपटीनं पातळ करत जा.

रिट्रीव्हल (फॉर्मॅलिननं झाकलेल्या जागा अँटिबॉडीसाठी उष्णतेनं मोकळ्या करणं) सायट्रेट पीएच ६.० मध्ये, ९५-९८ अंशांवर २० मिनिटं, मग बफरमध्येच २० मिनिटं निवू द्या. जमलं नाही तर ट्रिस-ईडीटीए पीएच ९.०.

डायल्यूशन ठरवताना हेपॅटोसाइटकडे नको, कुप्फर पेशींकडे (यकृतातल्या मॅक्रोफेजकडे) बघा. मॅक्रोफेजमध्ये हे एन्झाइम भरपूर असतं, त्यामुळे सायनुसॉइडच्या (यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या) कडेला ठसठशीत दाणेदार रंग यायलाच हवा. हेपॅटोसाइटमध्ये बारीक दाणे, बहुतेक पेशींमधल्या सूक्ष्म पित्तनलिकांच्या (कॅनालिक्युलाय) बाजूला. कुप्फर पेशींचे दाणे स्पष्ट आणि बाकी सायटोप्लाझम जवळजवळ कोरा, ते डायल्यूशन तुमचं. सगळीकडे सपाट धुरकट रंग राहिला, तर टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला होता का ते विचारा. तोवर लायसोसोम फुटतात आणि एन्झाइम पेशीभर पसरतं. मग कोणतीही अँटिबॉडी तिथे दाणे दाखवणार नाही.

लिपोफसिन फार असेल तर डीएबीऐवजी लाल रंग देणारं एईसी घ्या. पण ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, तेव्हा डीहायड्रेशन टाळा आणि पाण्यात चालणारं माउंटंट वापरा. फ्लोरोसन्सकडे वळणार असाल तर लिपोफसिनची स्वतःची चमक दाबायला ७० टक्के इथेनॉलमध्ये ०.१ टक्के सुदान ब्लॅक बी, सेकंडरी धुतल्यावर. त्यानंतर डिटर्जंटवालं बफर लावू नका, सुदान ब्लॅक निघून जातं.

आणि रंग गडद म्हणजे एन्झाइम जास्त सक्रिय, असं लिहू नका. क्रियाशीलता हवी असेल तर गोठवलेल्या टिश्यूचा अर्क, पीएच ४ च्या आसपास फ्लोरोजेनिक सबस्ट्रेट, आणि शेजारच्या वेलमध्ये तोच अर्क पेप्स्टॅटिन घालून.