जीर्ण राष्ट्रध्वजाचे काय करावे?

प्रश्न : ऑगस्टमध्ये गच्चीवर लावलेल्या तिरंग्याची कडा पावसावाऱ्याने उसवली असून रंगही विटला आहे. तो जाळावा असे शेजारी सांगतात. पण ध्वज जाळणे हा गुन्हाच नव्हे काय?

उत्तर : आपली शंका रास्त असली, तरी शेजाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नाही. 1971 च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर ध्वज जाळणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. मात्र 2002 ची ध्वजसंहिता असे सांगते की, फाटलेला वा मळलेला ध्वज फडकवू नये, तर तो खासगीत, संपूर्णपणे, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखणाऱ्या अन्य रीतीने नष्ट करावा. कृती एकच असली, तरी एकीत अवमान आहे आणि दुसरीत निरोप. त्याचे तुकडे करून फडकी म्हणून वापरणे मात्र सर्वथा वर्ज्य.

आपला ध्वज पॉलिएस्टरचा असल्यास (30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने त्यास मुभा मिळाली) जाळताना विषारी धूर होतो. म्हणून तो व्यवस्थित घडी घालून, स्वच्छ कापडात गुंडाळून, एकांतात जमिनीत पुरणे मला अधिक योग्य वाटते.